साक्षीदाराचे तारण

काही शब्द आपण शाळेत शिकतो आणि काही घरात. 'तारण' हा शब्द मी घरात शिकलो. पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो पुन्हा भेटला तेव्हा त्याची व्याख्या वाचून मला थोडे हसू आले. त्या व्याख्येतला माणूस आपल्या मर्जीने बँकेत जातो, वस्तू ठेवतो, पैसे घेतो आणि फेड झाली की वस्तू घेऊन घरी येतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना ही व्याख्या वाचून दाखवली, तर ती विचारतील, "पोरा, हे कुठल्या देशातले?"

आमच्याकडे एके काळी माणूसच तारण असे. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटले की नाही हे ठरवणार जमीनदार, वही त्याची आणि वहीवरचे साक्षीदारही त्याचेच. १९४५ च्या मे महिन्यात झरी या गावी, जे आज तलासरी तालुक्यात आहे, वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठबिगार नाकारण्याचा निर्धार झाला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो इतिहास आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी तो वाचला असेल. माझे पणजोबा त्या सभेला चालत गेले होते असे आजी सांगते. पण सभेपेक्षा त्यांच्या कागदाची गोष्ट ती अधिक वेळा सांगते. "अंगठा माझ्या बापाचा, साक्ष सावकाराच्या माणसांची. कागद खोटा असला तर बापाचा जन्म जायचा. साक्षीदाराचे काय जायचे? काय नाय."

आजीचे हे वाक्य डोक्यात होते म्हणूनच असेल, 'इथरियम' नावाच्या संगणकी चलनाच्या जाळ्यात साक्षीदार व्हायचे तर आधी स्वतःचे तारण ठेवावे लागते आणि साक्ष खोटी ठरली तर त्या तारणातून कापून घेतात, असे मी प्रथम वाचले तेव्हा ते पान तीनदा वाचले. कागद आजीच्या गोष्टीतलाच होता, पण उलटा धरलेला. अंगठा देणाऱ्याऐवजी इथे साक्षीदार गहाण पडत होता.

या साक्षीदाराला तिकडे 'व्हॅलिडेटर' म्हणतात. आम्हा आदिवासी विद्यार्थ्यांना हा शब्द अगदीच परका वाटू नये. जातीचा दाखला हातात आला तरी पुढे त्याची 'व्हॅलिडिटी' काढावी लागते. पडताळणी समितीपुढे आजोबा-पणजोबांच्या नोंदी मांडाव्या लागतात, आणि मग कोणीतरी म्हणते की हे खरे. एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासायचे आणि खरे असेल तर खरे म्हणून सही करायची, एवढेच व्हॅलिडेटरचे काम. फरक इतकाच की तो सही करतो ती दर सहा-साडेसहा मिनिटांनी, रात्रंदिवस, आणि सही चुकली तर त्याच्या खिशाला चाट बसते.

हे जाळे म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. बँकेची वही बँकेत असते. इथरियमची वही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी असते. दर १२ सेकंदांनी तिला एक नवे पान जोडता येते आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते. म्हणून तिला साखळी म्हणतात. पण मालक नसलेल्या वहीत कोणते पान खरे धरायचे? बिटकॉइनने या प्रश्नाचे उत्तर विजेवर सोडवले. यंत्रांची शर्यत लावायची आणि ज्याचे यंत्र आधी कोडे सोडवील त्याचे पान धरायचे. म्हणजे ज्याने जास्त वीज जाळली त्याच्या शब्दाला जास्त वजन. वीज कशी तयार होते हे डहाणूकरांना वेगळे सांगायला नको. ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राची चिमणी आपल्या डोळ्यांसमोर उभी आहे. इथरियमही आधी याच वाटेने चालत होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्याने ती वाट सोडली आणि तारणाची वाट धरली. त्या एका बदलाने त्याची विजेची भूक ९९ टक्क्यांहून अधिक कमी झाली.

आता एका साक्षीदाराच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा जागोजाग मोजणीयंत्रे बसवण्यात आली. भूकंपाचा केंद्रबिंदू एका यंत्राच्या नोंदीवरून सांगता येत नाही, निदान तीन ठिकाणच्या नोंदी जुळवाव्या लागतात, हे तेव्हा आम्ही शाळकरी पोरे शिकलो. या जाळ्यातही तसेच आहे. २०२४ साली इथरियमच्या साक्षीदारांची संख्या दहा लाखांच्या घरात होती. एकूण तारणापैकी दोन तृतीयांश तारणाच्या मालकांनी एकच साक्ष दिली की साधारण तेराएक मिनिटांत ते पान कायमचे झाले.

मात्र साक्षीदार व्हायला कमीत कमी ३२ इथर ठेवावे लागतात. २०२३ ते २०२५ या काळात एका इथरचा भाव सुमारे एक लाख रुपयांपासून चार लाखांपर्यंत हेलकावत राहिला. हिशेब केला तर किमान तारण होते बत्तीस लाख ते सव्वा कोट. माझे वडील घोलवडच्या बाजूला चिकूच्या वाडीत मजुरीला जातात. त्यांच्या मजुरीने हा आकडा गाठायला किती जन्म लागतील याचे गणित मी वहीच्या कोपऱ्यात एकदा मांडले आणि खोडून टाकले.

पण या जाळ्यांना सरावाची जाळीही असतात. नवा नियम खऱ्या वहीत लावण्यापूर्वी तो तिथे लावून पाहतात. तिथले इथर फुकट मिळते आणि त्याची किंमत शून्य असते; काम मात्र तंतोतंत तेच. या सराव-जाळ्यांना बहुधा रेल्वे स्थानकांची नावे देतात. बर्लिन, अथेन्स, प्राग इथल्या स्थानकांची नावे देऊन झाली आणि मार्च २०२५ मध्ये जे नवे जाळे सुरू झाले त्याला बंगळुरूच्या मेट्रोवरच्या 'हूडी' स्थानकाचे नाव मिळाले. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांच्या वेळा पाठ असलेल्या आम्हा मुलांना ही गोष्ट मोठी जवळची वाटली. बत्तीस लाख नाहीत तर नसू देत, हूडीचे तिकीट फुकट आहे असे म्हणून मी कामाला लागलो.

मी डहाणूला वसतिगृहात राहतो आणि दुपारनंतर संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात काम करतो. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. एका गिऱ्हाइकाने सोडून दिलेला एक जुना डेस्कटॉप माळ्यावर पडला होता. त्यात १६ जीबी मेमरी होती. एक टेराबाइटची नवी डिस्क मी पगारातून घेतली. काकांनी विचारले, "यातून तुला मिळणार काय?"

"पैसे खोटे आहेत, काका. काही मिळणार नाही."

"मग खरे काय आहे यात?"

"काम खरे आहे."

काका हसले आणि म्हणाले, "विजेचे बिल पण खरे आहे." तरी त्यांनी आतल्या खोलीत, इन्व्हर्टरच्या शेजारी, एका फळीवर जागा करून दिली.

उभारणीचे काम पायरी-पायरीने असे चालते. यंत्रावर दोन कार्यक्रम बसवावे लागतात. एक वहीतले व्यवहार तपासतो आणि दुसरा बाकीच्या साक्षीदारांशी बोलून एकमत कशावर होते आहे ते पाहतो. या दुसऱ्याच्या जोडीला सही करणारा तिसरा भाग असतो. हे कार्यक्रम वेगवेगळ्या गटांनी लिहिलेले आहेत आणि त्यांतून आपण निवड करायची असते. मी पहिल्या कामासाठी 'रेथ' आणि दुसऱ्यासाठी 'निंबस' निवडले. कारण पुढे सांगतो.

त्यानंतर किल्ल्या. २४ इंग्रजी शब्दांची एक माळ यंत्र आपल्याला देते आणि त्या माळेतून किल्ली तयार होते. हे काम इंटरनेट तोडलेल्या संगणकावर करायचे आणि ते शब्द कागदावर लिहून ठेवायचे. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि या लेखात पुढे तिचे फार काम आहे. सही करायची किल्ली वेगळी आणि पैसे काढायचा पत्ता वेगळा. सहीची किल्ली चोवीस तास यंत्रात असते. ती चोराच्या हाती लागली तर तो आपले नुकसान करू शकतो, पण आपले तारण स्वतःच्या घरी नेऊ शकत नाही. ते परत जाते आपण सुरुवातीला नोंदवलेल्या पत्त्यावरच. ज्याच्या हाती तो पत्ता, त्याचे पैसे.

मे महिन्याच्या सुट्टीपासून मी सरावाचे इथर थोडे थोडे जमवत होतो. जून २०२५ च्या मध्यावर ३२ पूर्ण झाले, ते मी जमा केले, काही दिवस रांगेत थांबलो आणि महिन्याच्या अखेरीस माझा साक्षीदार जागा झाला. पडद्यावर एक ओळ आली. मी अमुक क्षणी साखळीचे टोक अमुक पाहिले, असा तिचा अर्थ. साडेसहा मिनिटांच्या आत दुसरी ओळ आली. दिवसाला अशा २२५ साक्षी. वसतिगृहात मी झोपलेलो असे आणि दुकानाच्या आतल्या खोलीत तो जागून साक्ष देत असे. आमच्या घराण्यात आजवर कोणाची साक्ष कोणी मागितली नव्हती. पैसे खोटे असले तरी मला त्याचा अभिमान वाटे, हे लपवण्यात अर्थ नाही.

या जाळ्याचे शिक्षेचे नियम मला फार विचारपूर्वक केलेले वाटतात. साक्षीदार झोपला, म्हणजे वीज गेली किंवा यंत्र बंद पडले, तर त्या वेळात जेवढे मिळाले असते साधारण तेवढेच कापले जाते. झोप हा गुन्हा धरलेला नाही. पण एकाच वेळी दोन परस्परविरोधी साक्षी दिल्या तर त्याचे तारण कापून त्याला जाळ्याबाहेर काढतात. त्यातही तो एकटाच तसा वागला असेल तर दंड लहान असतो. त्याच सुमारास जितके अधिक साक्षीदार तसेच वागलेले सापडतील तितका प्रत्येकाचा दंड वाढत जातो. एकूण तारणाच्या एक तृतीयांश एवढ्यांनी एकत्र खोटेपणा केला, तर त्यांचे सगळेच्या सगळे तारण जाते. एकट्याची चूक ही चूक असू शकते, पण पुष्कळांची एकाच वेळची चूक हा कट असण्याचा संभव जास्त, असा त्यामागचा विचार.

जुलैच्या पावसात या नियमाशी माझी गाठ पडली. दुकानाच्या भागातली वीज गेली, इन्व्हर्टर संपला आणि रस्त्यावर पाणी भरल्याने दोन दिवस दुकान उघडलेच नाही. वसतिगृहात वीज होती. माझ्या खोलीतला मित्र म्हणाला, "किल्लीची प्रत तुझ्या पेन ड्राइव्हवर आहे ना? माझ्या लॅपटॉपवर चालू कर. नुकसान कशाला सोसायचे?" गोष्ट सोपी होती. पण दुकानातली वीज मध्येच आली आणि तिकडचे यंत्र आपोआप सुरू झाले तर? एकच साक्षीदार दोन ठिकाणी उभा राहून बोलू लागेल, आणि दोन्ही ठिकाणी तो एकच बोलेल याची हमी कोण देणार? तारण कापले जाण्याची बहुतेक उदाहरणे अशीच घडलेली आहेत. त्यांत लबाडी नसते, दोन यंत्रांत एक किल्ली असते. आम्ही लॅपटॉप बंदच ठेवला. साडेचारशे साक्षी बुडाल्या आणि थोडे खोटे इथर गेले. मित्र म्हणाला, "खोट्या पैशासाठी एवढा खरेपणा?" मी म्हटले, "सराव कशाचा करतोय मग?"

आता 'रेथ' का निवडले ते सांगतो. हूडीच्या आधी 'होलेस्की' नावाचे सराव-जाळे होते. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यावर नवे नियम लागू झाले. सर्वांत जास्त वापरात असलेल्या तीन कार्यक्रमांत, 'गेथ', 'नेदरमाइंड' आणि 'बेसू' यांत, एक पत्ता चुकीचा भरलेला होता. परिणामी बहुसंख्य साक्षीदारांनी चुकीच्या पानाला खरे म्हणून सही केली. बरोबर पत्ता असलेल्या 'रेथ' आणि 'एरिगॉन' यांच्यावर चालणारे मूठभर साक्षीदार अल्पमतात पडले. जाळे पुन्हा ताळ्यावर यायला दोन आठवडे लागले आणि त्या गोंधळातूनच पुढे हूडी उभारावे लागले. ही हकीकत वाचताना मला पुन्हा पणजोबांचा कागद आठवला. त्याच्यावरही साक्षी पुष्कळ होत्या, पण सगळे साक्षीदार एकाच घरचे होते. एकाच घरच्या शंभर साक्षी म्हणजे शेवटी एकच साक्ष. म्हणून जाणते लोक सांगतात की ज्या कार्यक्रमावर गर्दी कमी आहे तो निवडा.

कोणी म्हणेल, हे सगळे चलनाचे खेळ, याचा आपल्याशी काय संबंध? तर २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली येथे सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांची नोंद 'पॉलिगॉन' नावाच्या साखळीवर ठेवण्याचा उपक्रम महाराष्ट्र शासनाने हाती घेतला. ही साखळीही तारण ठेवलेल्या साक्षीदारांवर चालते. दाखल्याचा ठसा एकदा तिथे नोंदला की दाखल्यात नंतर कोणी एक अक्षर बदलले तरी ते उघड होते. बोगस दाखल्यांमुळे ज्यांच्या जागा जातात त्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट मोलाची आहे. मात्र तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. साखळी सांगते की दाखला लिहिल्यापासून बदललेला नाही. लिहिताना तो खरा लिहिला होता का, हे ती सांगू शकत नाही. तिथे शेवटी टेबलापलीकडचा माणूसच लागतो.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तिकडे येतो.

माझी आई आमच्या पाड्यावरच्या महिला बचत गटाची सचिव आहे. अकरा बायका, महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये आणि गटाचा थोडा धंदा, असे करून गेल्या नवरात्रात गटाच्या खात्यात ६४ हजार रुपये होते. त्या सुमारास मोटारसायकलवरून एक माणूस पाड्यावर आला. त्याच्या मोबाइलमध्ये एक ॲप होते. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला काहीच करायचे नाही. पैसे स्टेकिंगला लावायचे. ते व्हॅलिडेटरकडे जातात, तो कमावतो आणि रोज एक टक्का तुमच्या मोबाइलवर दिसतो." बायकांना 'व्हॅलिडेटर' हा शब्द ओळखीचा वाटला. सचिवबाईंचा मुलगा डहाणूला तेच करतो, हे साऱ्या पाड्याला ठाऊक होते. त्या रात्री आईचा फोन आला. "तू दुकानात करतोस तेच ना हे? गट विचारतोय. माझी सही लागणार आहे. करू का सांग."

माझ्या आतल्या खोलीतल्या त्या यंत्राने, मी एक शब्दही न बोलता, एका अनोळखी माणसाची साक्ष दिली होती. मी तिला म्हटले, "आई, रविवारपर्यंत थांबा. मी येतो." शनिवारी संध्याकाळी चारोटीमार्गे तलासरीची एसटी पकडली.

रविवारी अंगणवाडीच्या ओट्यावर गट बसला. मी व्याख्यान दिले नाही. माझ्या यंत्राचा तीन महिन्यांचा हिशेब एका कागदावर लिहून नेला होता, तो वाचून दाखवला. ३२ इथर ठेवून तीन महिन्यांत एक पंचमांश इथर मिळाले होते. त्याच मापाने गटाचे ६४ हजार ठेवले असते तर तीन महिन्यांत चारशे रुपये मिळाले असते. "आणि हा माणूस रोज किती देतो म्हणतो?" मी विचारले. एकीने लगेच तोंडी हिशेब केला. "सहाशे चाळीस. दिवसाला." ओट्यावर कोणी काही बोलले नाही. रोजचा टक्का मुदलात मिळवत गेले तर ६४ हजारांचे वर्षात चोवीस लाख होतात, हेही मी सांगितले. पण ते सांगायची गरज उरली नव्हती. ज्या बायका शंभर रुपयांवरचे दोन टक्के व्याज बोटांवर मोजतात, त्यांना आकड्यांची लबाडी शिकवावी लागत नाही. पुण्यात २०१८ साली ज्या 'गेनबिटकॉइन' प्रकरणात अटका झाल्या, त्यातले आश्वासन दरमहा दहा टक्क्यांचे होते. हा तर रोजचा एक टक्का देत होता.

मग मी म्हटले, तो आला की त्याला दोन गोष्टी विचारा. पैसे काढायचा पत्ता कोणाच्या हाती? किल्लीचे चोवीस शब्द कोणाच्या कागदावर? तिसरा प्रश्न माझा नव्हता. तो आजीने विचारला. ती गटात नाही, पण ओट्याच्या कडेला बसली होती. "आमचे ६४ हजार. त्याचे किती? आमचे गेले तर त्याचे काय जाईल?"

दुपारी तो माणूस आला. पहिल्या दोन प्रश्नांना त्याने "सगळे कंपनीकडे सुरक्षित आहे, ताई" असे उत्तर दिले. आजीच्या प्रश्नावर तो हसला आणि म्हणाला, "आजी, विश्वास नाय का?" आजी म्हणाली, "विश्वास हाय. तू काय ठेवतोस ते सांग." त्याला कुठेतरी जायचे आहे हे एकाएकी त्याच्या लक्षात आले आणि त्याने गाडीला किक मारली. आईने ठरावाच्या वहीत लिहिले की गटाचे पैसे बँकेतच राहतील, आणि खाली अकरा जणींच्या सह्या झाल्या. अंगठा एकीचाही नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरे वाटले असते. पण माझ्या एका चुलतीने, गटाबाहेर, स्वतःचे पाच हजार त्याला दिले होते. मुलीच्या बाळंतपणासाठी ठेवलेले पैसे होते ते. महिनाभर तिच्या मोबाइलवर आकडा रोज वाढत होता आणि तो ती शेजारणींना दाखवत होती. दिवाळीनंतर ॲप उघडेनासे झाले. त्या माणसाचा फोन लागेना. मी म्हटले, "काकी, पोलिसांत जाऊ." ती म्हणाली, "काय दाखवू त्यांना? कागद कुठे हाय?" माझ्या पणजोबांच्या हातात निदान खोटा का होईना एक कागद होता. काकीच्या हातात रिकामा पडदा होता. आम्ही गेलो, तक्रार लिहून दिली. पैसे अजून आलेले नाहीत.

या प्रसंगानंतर मला त्या जाळ्याबद्दल वाटणारा आदर कमी झाला नाही, पण त्याची एक उणीव अधिक स्पष्ट दिसू लागली. साक्षीदाराने स्वतःचे काही पणाला लावावे, हा नियम चोख आहे. तो नियम १९४५ पूर्वी आमच्या पाड्यांवर असता तर सावकाराच्या साक्षीदारांना सही करताना घाम फुटला असता. पण तारणाचा आकडा असा आहे की खऱ्या वहीत साक्ष देण्याचा मान ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्यालाच मिळतो. मला, माझ्या आईला, काकीला तिथे जागा नाही. आणि ज्यांना दारातून आत जागा नाही त्यांच्याकडेच खिडकीतून असे मोटारसायकलवाले येतात, त्याच जाळ्याचे शब्द तोंडात घेऊन. शिवाय आत गेलेल्याचेही सोने होते असे नाही. मिळकत सालीना अडीच-तीन टक्के आणि तीही इथरमध्ये, ज्याचा भाव एका महिन्यात तेवढा सहज खाली येतो. वर १ एप्रिल २०२२ पासून अशा चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. हे सारे कोणी ओट्यावर येऊन सांगत नाही.

अर्थशास्त्राच्या तासाला मी सरांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या गटाकडे काय तारण आहे? तरी बँक कर्ज देतेच ना?" खरे आहे ते. १९९२ पासून नाबार्डच्या योजनेतून बँका बचत गटांना तारणाशिवाय कर्ज देत आल्या आहेत. अकरा जणींपैकी एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या दहा जणी तिच्या दारात जातात. तिथे सोने नाही, जमीन नाही, इथर नाही, फक्त एकमेकींचे नाव ठेवलेले आहे. तारण या शब्दाचा हा अर्थ पणजोबांच्या कागदात नव्हता आणि माझ्या पाठ्यपुस्तकातही नव्हता. तो आईच्या ठरावाच्या वहीत आहे.

फेब्रुवारीत परीक्षा जवळ आल्यावर मी माझा साक्षीदार रीतसर निवृत्त केला. साक्षीदाराला मध्येच उठून जाता येत नाही. बाहेर पडतो असा सहीचा निरोप द्यावा लागतो, रांगेत थांबावे लागते आणि आपली पाळी येईपर्यंत साक्ष देत राहावे लागते. शेवटच्या दिवशी काकांनी विचारले, "संपला तुझा खेळ?" मी म्हटले, "सुट्टीत पुन्हा." त्यांनी फळी रिकामी केली नाही.

आपल्या महाविद्यालयातल्या ज्या मित्र-मैत्रिणींना हे काम शिकायचे असेल त्यांनी परीक्षेनंतर मला जरूर भेटावे. बत्तीस इथर आणू नयेत. जुना संगणक असल्यास आणावा, आणि ज्यांच्या पाड्यावर असा कोणी मोटारसायकलवाला येऊन गेला असेल त्यांनी आपली आजीही आणावी.

— द्वितीय वर्ष, कला शाखा